मेलेले कसे उठतील?

२ नोव्हेंबर, सर्व मृतात्म्यांचा स्मरणदिन
आजचं वाचन: १ करिंथकर १५:३५-४९
सोबत वाचा: मत्तय २५:३१-४६ आणि योहान २०:२४-२९



आज संध्याकाळी आपल्यापैकी बरेच जण दफनभूमीत असतील. कबरी आठवडाभर आधीच धुऊन, रंगवून झाल्या असतील. शेवंती, झेंडू, मेणबत्त्यांची पाकिटं. मिस्सा झाली की फादर एकेका ओळीतून फिरत कबरींवर पवित्र पाणी शिंपडतील. एरवी वर्षभर न दिसणारे चुलत-मावस भाऊ भेटतील आणि निघताना 'आता ख्रिसमसला भेटू' म्हणतील.

मी यंदा कबरीपाशी उभा राहणार नाही, भिंतीपाशी राहणार आहे. पप्पा आता भिंतीत आहेत.

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. जागा कमी आहे. कायमची कबर फार थोड्या कुटुंबांकडे असते. बाकीच्यांना कबर मिळते ती ठराविक मुदतीसाठी. मुदत संपली की कबर उघडतात, अस्थी काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. आपण त्याला 'निश' म्हणतो. रिकाम्या झालेल्या जागेत मग दुसऱ्या कुणाचं दफन होतं. मृत्यूनंतरसुद्धा मुंबईत जागा भाड्यानेच मिळते, असं पप्पाच हसत म्हणायचे.

मे महिन्यात ऑफिसातून फोन आला, मुदत संपली म्हणून. मी ममाला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळं मोडून एका डब्यात ठेवणार. मग त्या दिवशी ते उठणार कसे रे?"

मी इंजिनिअर माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. त्या दिवशी मात्र उत्तर नव्हतं.

करिंथमध्ये विचारलेला प्रश्न

ममाचा प्रश्न आजच्या वाचनात पहिल्याच ओळीत आहे. करिंथ हे व्यापारी शहर. दोन बंदरांच्या मध्ये वसलेलं, गजबजलेलं, सगळीकडून आलेल्या लोकांचं. आपल्या मुंबईसारखंच म्हणा ना. तिथल्या मंडळीला संत पौल इ.स. ५५च्या सुमारास पत्र लिहितोय. तिथले काही जण म्हणत होते, मेलेल्यांचं पुनरुत्थान वगैरे काही नसतं. असतील तर कशा शरीराने उठतील, सांगा पाहू? प्रश्नामागे थोडी थट्टा होती. ग्रीक विचारात आत्मा श्रेष्ठ आणि शरीर म्हणजे त्याचा तुरुंग, असं मानणारे पुष्कळ होते. एकदा त्यातून सुटल्यावर पुन्हा त्याच तुरुंगात कोण जाईल? अथेन्समध्ये पौलने पुनरुत्थानाचा विषय काढला तेव्हाही काही जण हसले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ वाचून पाहा.

पौल त्यांना उत्तर देतो ते बियाण्याचं. तू जे पेरतोस ते उद्याचं रोप नसतं, नुसता दाणा असतो. तो मातीत जातो, दाणा म्हणून संपतो आणि देव त्याला त्याचं शरीर देतो.

हे मला आजीकडून आधीच कळलेलं होतं, फक्त ते पुनरुत्थानाबद्दल आहे हे माहीत नव्हतं. आम्ही मरोळच्या गावठाणातले. आज जिथे एमआयडीसीच्या काचेच्या इमारती आहेत, तिथे आजीच्या तरुणपणी भातशेती होती. पेरणी, मग रोपं उपटून चिखलात लावणी, गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून. शेती गेली तरी आगेरा राहिला. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, तो सण. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "पेरलेलं भात मग कुठे गेलं?" ती म्हणाली, "गेलं कुठे? हेच तं हाय."

पौलचं म्हणणं हेच आहे. लोंबी दाण्यासारखी दिसत नाही, पण ती दुसऱ्या कुणाची नसते. त्याच दाण्याची असते. उठणारं शरीर वेगळं असेल. न झिजणारं, न दुखणारं, आज आपल्याला कल्पना करता येणार नाही असं. पण ते माझंच असेल. ममा ज्या माणसाची वाट बघतेय, तेच पप्पा.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी यूथ ग्रुपमध्ये मी या विषयावर बोललो होतो. म्हणालो, शरीर म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. लॅपटॉप मोडला तरी डेटा क्लाउडवर सुरक्षित असतो. नवीन मशीन मिळालं की देव तो परत लोड करतो. सगळ्यांना आवडलं. एका मुलाने तर ते स्टेटसला टाकलं.

आज ते मागे घेतो. ऐकायला सोपं आहे, पण ती ख्रिस्ती श्रद्धा नाही. त्यात शरीर म्हणजे नुसतं खोकं ठरतं, जुनं झालं की भंगारात. करिंथचे थट्टा करणारेही असंच काहीसं मानत होते.

शरीर खोकं असतं, तर पहिल्या ईस्टरच्या सकाळी येशूचा देह कबरीतच राहिला असता आणि फक्त त्याचा आत्मा शिष्यांना भेटला असता. तसं झालं नाही. कबर रिकामी होती. लूक सांगतो की शिष्यांना वाटलं हे भूत आहे, तर येशूने त्यांच्याकडे खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. आपल्या कोळीवाड्यातल्या आणि गावठाणातल्या लोकांना हा पुरावा लगेच पटावा! म्हणूनच दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, मेलेल्यांच्या पुनरुत्थानापर्यंत जातो.

ऑफिसात जेवताना एका मित्राने मला विचारलं होतं, "तुमच्यात पुनर्जन्म नसतो ना?" तेव्हाही हा फरक सांगावा लागला. दोन्ही शब्द 'पुनर्'ने सुरू होतात, पण पुनर्जन्मात आत्मा दुसरं शरीर घेतो आणि नवा माणूस म्हणून जगतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाने, देवासमोर उभा राहतो. एकदा जगलेलं हे एकच आयुष्य देव वाया जाऊ देत नाही.

हाडं नसली तर?

मग ममाची भीती खरी का? हाडं विखुरली तर अडचण होईल का?

इ.स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारणाऱ्यांनी हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली. ही माणसं पुन्हा उठणार म्हणतात ना, बघू आता कशी उठतात, असा त्यांचा हिशेब होता. चर्चने त्यावर काय केलं? त्या हुतात्म्यांची आठवण जपली आणि पुनरुत्थानावरचा विश्वास तसाच ठेवला. मातीतून माणूस घडवणाऱ्याला राखेची अडचण कशी येईल?

दहनाबद्दलही हेच. बरेच जण हा प्रश्न विचारतात, विशेषतः कोविडनंतर. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मेलेल्या सगळ्यांचं दहन करावं असं परिपत्रक काढलं आणि लगेच त्यात बदल केला. त्या दिवसांत काही ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या माणसाचं दहन स्वीकारलं आणि अजूनही काहींच्या मनात टोचणी आहे. त्यांनी मन शांत ठेवावं. कॅथलिक चर्चने १९६३ सालीच दहनाला परवानगी दिली. २०१६ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की दफनाला प्राधान्य असलं, तरी दहनामुळे देवाच्या हाताला कसलीच अडचण होत नाही. फक्त राख घरात ठेवू नये, विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, म्हणजे मृत व्यक्ती मंडळीच्या प्रार्थनेतून विसरली जात नाही.

हे नीट लक्षात घ्या. कबर, निश, राखेचा कलश या गोष्टी देवाला सापडावं म्हणून नाहीत. आपण विसरू नये म्हणून आहेत.

सीप्झमध्ये कामाला असलेल्यांनी ते जुनं चर्च पाहिलं असेल. सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १५७९ साली जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली आणि लोकांनी ते सोडलं. मंडळी मरोळला आली, तेच आजचं सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च. मागे राहिल्या त्या भिंती, वर छप्पर नाही. आज त्यांच्या चारी बाजूंना दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या. पण दरवर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिथे मिस्सा होते. यंदा मीही गेलो होतो. उघड्या आभाळाखाली, भर उन्हात, लोक छत्र्या घेऊन उभे. त्याच आठवड्यात पप्पांच्या कबरीचा फोन आला. मी ममाला म्हणालो, "आपण माणसं एका मोडक्या चर्चला एवढी वर्षं विसरत नाही, तर देव पप्पांना विसरेल का?"

ती काही बोलली नाही. पण तयार झाली.

प्लेट

कबर उघडली त्या दिवशी मी एकटा गेलो. ममाला नको म्हटलं. काम करणारे दोघे सराईत होते, पण घाई केली नाही. हातमोजे घालून त्यांनी एकेक अस्थी काढून कापडावर ठेवली. मला वाटलं होतं भीती वाटेल. तसं काही झालं नाही. पप्पा किती बारीक होते, एवढंच वाटलं.

मग त्यातल्या एकाने काहीतरी हातात घेऊन मातीतून पुसलं आणि विचारलं, "हे ठेवायचं का, साहेब?"

ती मांडीतली स्टीलची प्लेट होती. स्क्रूंसकट.

शेवटच्या वर्षी पप्पा बाथरूममध्ये घसरले होते. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पप्पा आयुष्यभर फिटर होते. एक्स-रे बघून म्हणाले, "आठ स्क्रू. काम नीट केलंय." फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी वीस मिनिटं वॉकर घेऊन चालवा, कुणीतरी सोबत हवंच. सोबत म्हणजे मी. मी घरूनच काम करायचो. पप्पा साडेसहाला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. वॉकरचा आवाज यायचा. मी कानातला हेडफोन न काढता हात वर करायचो, पाच मिनिटं. पाच मिनिटांची पन्नास व्हायची. थोडा वेळ थांबून तो आवाज परत जायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आठ महिन्यांनी झोपेतच ते गेले.

ती प्लेट हातात घेतली तेव्हा पुनरुत्थानापेक्षा न्यायाचा दिवस मला जास्त जवळ वाटला.

न्यायाचा दिवस

आपल्या पिढीला न्यायाबद्दल बोलायला आवडत नाही. देव प्रेमळ आहे, एवढं पुरे वाटतं. पण मत्तयच्या २५व्या अध्यायात येशू स्वतः त्या दिवसाचं चित्र काढतो. त्यातले प्रश्न बघा. भुकेल्याला खायला दिलं का? तहानेल्याला पाणी? परक्याला घरात घेतलं? उघड्याला कपडे? आजाऱ्याकडे गेलास? तुरुंगातल्याला भेटलास? सहाच्या सहा गोष्टी कुणाच्या तरी शरीराच्या आहेत. पोट, घसा, अंग, दुखणं. देव शरीराला उठवणार आहे म्हणून शरीराशी आपण कसे वागलो हेही विचारणार आहे. पुनरुत्थान आणि न्याय या दोन वेगळ्या शिकवणी नाहीत.

त्या गोष्टीत दोन्ही बाजूंचे लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? मला तर ते विचारायचीही सोय नाही. मी पाहिलं होतं. रोज साडेसहाला तो माझ्या दारात उभा होता.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. तुमच्यातल्या किती जणांच्या मनात असंच काहीतरी आहे, हे तुमच्या पत्रांतून मला कळतं. न उचललेला फोन. हॉस्पिटलला उद्या जाऊ म्हणून राहिलेली भेट. मित्र सांगतात, "सोड रे, तू तुझ्या परीने केलंस." त्याने बरं वाटत नाही, कारण ते खरं नसतं, हे आपल्याला माहीत असतं.

येशू असं सांगत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर एक परिपत्र लिहिलं, 'स्पे साल्वी'. त्यात ते म्हणतात की कृपा म्हणजे फळा पुसणं नाही. घडलेलं घडलंच नाही असं देव करत नाही. आणि शुद्ध करणारा अग्नी म्हणजे काय, तर स्वतः ख्रिस्ताशी होणारी भेटच असावी, असं काही धर्मपंडितांचं मत तिथे दिलं आहे. त्याच्या नजरेसमोर आपलं सगळं खोटं जळतं. ते दुखतं. पण ते दुखणं बरं करणारं असतं.

आता योहानचा २०वा अध्याय काढा. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. मृत्यूवर विजय मिळवणाऱ्याला त्या घालवता आल्या नसत्या का? पण त्याने ठेवल्या. थोमाला म्हणाला, हात लाव. जखमांचं दुखणं गेलं, खुणा राहिल्या. शेवटच्या दिवशी आपला न्याय करणारा तो हाच आहे. त्याच्या शिष्यांनी त्याला एकटं सोडलं होतं. पेत्राने तर तीनदा ओळख नाकारली. तळ्याकाठी येशूने तो विषय टाळला नाही. तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? पेत्राला वाईट वाटलं. आणि तिथेच, त्या प्रश्नांतून, तो पुन्हा उभा राहिला.

न्यायाच्या दिवसाची मी आता अशी वाट बघतो. त्या दिवशी साडेसहाचा विषय निघणार, नक्की निघणार. पप्पाही समोर असतील, आणि त्यांना वॉकर लागणार नाही. मला क्षमा मागता येईल. आज कबरीपुढे बोललेलं त्यांना पोचतं की नाही, या शंकेत नाही, तर समोरासमोर. पुनरुत्थान नसेल तर माझी ती क्षमा कायमची राहून गेली. म्हणून पौल म्हणतो तसंच मलाही म्हणावं लागतं, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास पोकळ आहे. पण तो उठला आहे.

तोवर आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथात, १२व्या अध्यायात, यहूदा युद्धात पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करून जेरुसलेमला अर्पण पाठवतो. लेखक म्हणतो, ते पुन्हा उठतील अशी आशा नसती तर हे करण्यात अर्थच नव्हता. आज संध्याकाळी तुम्ही लावाल ती मेणबत्ती त्याच आशेची आहे.

आज काय करायचं

एक. आज दफनभूमीत जमलं तर जा. आपल्या माणसासाठी प्रार्थना झाली की ज्या कबरीवर फूल नाही, तिच्यापाशी एक आमचा बाप म्हणा.

दोन. गेलेल्या माणसाबद्दल मनात काही टोचत असेल, तर ते स्वतःला 'सोड रे' म्हणून दाबू नका. येशूला नावानिशी सांगा. पापनिवेदनाला जा.

तीन. आज ज्याचं शरीर तुमच्या जवळ आहे आणि दुखतंय, त्याला वेळ द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्लेट मी घरी आणली. ममाने ती धुतली आणि विचारलं, निशमध्ये ठेवायची का? मी म्हटलं, नको. ती माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. पप्पांना उठताना तिची गरज लागणार नाही, मला मात्र रोज लागते. कॅलेंडरमध्ये संध्याकाळी साडेसहा ते सात मी बंद करून ठेवलंय, 'ममासोबत फेरी'. तिचेही गुडघे आता दुखतात. टीमला सवय झालीय. रोज जमतंच असं नाही. कालही चुकलं. पण आज आम्ही दोघं दफनभूमीपर्यंत चालतच जाणार आहोत, तिच्या वेगाने.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू मेलास, पुरला गेलास आणि तिसऱ्या दिवशी देहासह उठलास. आमची जी माणसं मातीत, कोनाड्यात किंवा राखेत आहेत, त्यातलं एकही तुझ्या आठवणीतून निसटलेलं नाही, यावर आमचा विश्वास वाढव. त्यांना चिरशांती दे, तुझा प्रकाश त्यांच्यावर राहो. ज्यांच्याशी आम्ही चुकलो, त्यांची क्षमा मागायचा दिवस आम्हाला दाखव. आणि जे आज आमच्या दारात उभे आहेत, त्यांच्यासाठी आम्हाला खुर्चीतून उठव. आमेन.